अहिल्याबाई घाटावरच्या नावाडीदादांचे आभार

पावसाळा सरला की काशीच्या घाटांवर, खालच्या पायऱ्यांवर गंगेचा गाळ उरतो. वरून सुकलेला, आत निसरडा. तिथेच आमच्या गटातल्या आजींचा पाय मुरगळला. नावाडीदादांनी त्यांना उभं राहूच दिलं नाही. चप्पल काढली, गमछा भिजवून पिळला, तळव्याखालून घेऊन घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा बांधला. बोटं मोकळी, म्हणजे सूज कळते. उभ्या पायऱ्या चढवण्याऐवजी नावेतून दक्षिणेकडच्या अस्सी घाटाला नेलं, तिथे रिक्षा बरीच जवळ येते. गंगा इथे उत्तरवाहिनी, त्यामुळे अस्सी प्रवाहाविरुद्ध; मधली धार टाळत ते काठाकाठाने वल्हवत राहिले. आजींचा पाय दादांच्याच घडी घातलेल्या सदऱ्यावर टेकवलेला. पैसे घेतले नाहीत, गमछाही मागितला नाही. दादा, मनापासून आभार. गमछा धुऊन जपून ठेवलाय.