सिस्टर जीन यांचे खरे काम

महोदय,

शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाच्या चॅप्लेन, म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शक, सिस्टर जीन डोलोरेस श्मिट यांचे ९ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या १०६व्या वर्षी निधन झाले. त्यांची ओळख २०१८ च्या अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेपुरतीच उरू नये, असे मनापासून वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या वर्षी अकराव्या मानांकनाचा हा संघ थेट उपांत्य फेरीत पोहोचला, आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, गळ्यात संघाच्या रंगांचा स्कार्फ घातलेल्या ९८ वर्षांच्या सिस्टर दूरचित्रवाणीवरून घरोघरी परिचित झाल्या.

मात्र त्या मुळात शिक्षिका होत्या. १९३७ मध्ये धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातील शाळांत शिकवले, मुलींचे खेळही घेतले. आणि १९९४ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या बास्केटबॉल संघाशी जोडल्या गेल्या त्या आधी खेळाडूंचा अभ्यास सांभाळण्यासाठी. चॅप्लेनपद त्यानंतरचे. सामन्यापूर्वीच्या प्रार्थनेतच त्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणावर नजर ठेवायची हे सांगत (आकडेवारीचा त्यांचा अभ्यास पक्का असे), आणि सामना संपला की खेळाडूंना ई-मेल पाठवून कोणाचे काय चांगले झाले, कुठे सुधारणा हवी, हे कळवत. पराभवानंतरही हा ई-मेल चुकत नसे. विजयाच्या छायाचित्रांपेक्षा मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण हरलेल्या रात्री विशीतल्या मुलाची आठवण ठेवून त्याला लिहिणारे माणूस सहसा कोणी नसते.

– एक वाचक