ताई, त्या भर दुपारी तुम्ही माझ्यासाठी उन्हात उभ्या राहिलात त्याबद्दल

ताई,

हे पत्र खरं तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण म्हटलं आधी सगळे फोटो निवडून, एडिट करून त्या लोकांच्या हातात देऊ आणि मगच लिहू. काल अल्बम गेला. संध्याकाळी नवरीच्या आईचा फोन आला, त्यांना नीट बोलताही येत नव्हतं इतकं भरून आलं होतं. फोन ठेवला आणि तुमचीच आठवण झाली. नुसता थँक्यूचा मेसेज टाकता आला असता पण माझं त्याने समाधान झालं नसतं, आणि माझ्यासारखे बरेच जण नव्याने लग्नं शूट करायला लागलेत, त्यांनाही तुम्ही मला काय काय दाखवलंत ते कळावं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून आला होतात. कॅमेरासुद्धा आणला नव्हतात. आणि मी तिकडे दुपारी साडेबाराच्या उन्हात मोकळ्या मैदानात एकटाच उभा, कारण विधी संध्याकाळचा होता तो ऐनवेळी दुपारी घेतला, मी सगळी तयारी मऊ उन्हाची करून आलेलो, नवरीचे कपडे जवळजवळ पांढरे, नवऱ्याचा कोट काळाकुट्ट, आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या. तुम्ही मागून आलात आणि हळूच विचारलंत, "स्क्रीनवर बघून एक्सपोजर ठरवतोयस का रे?"

मी तेच करत होतो. एवढ्या उन्हात कॅमेऱ्याची स्क्रीन काळपट दिसते, म्हणून मला प्रत्येक फोटो अंधारा वाटायचा आणि मी एक्सपोजर वर वर नेत होतो. तुम्ही हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि पांढरं किती ते दाखवणारा आलेख, उघडायला लावलात, तर सगळा डोंगर उजव्या, म्हणजे पांढऱ्याच्या भिंतीला चिकटलेला. नवरीच्या खांद्यावरचं सगळं नक्षीकाम गेलं होतं, नुसता पांढरा डाग उरला होता. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, शूट करतोय म्हणजे नंतर सगळं परत आणता येईल असं मी धरून चाललो होतो, तुम्ही दोन वाक्यांत समजावलंत की सावलीतलं बरंचसं वर काढता येतं, नॉइज, म्हणजे दाणे, येतो पण काहीतरी मिळतं, पांढरं मात्र लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलमध्ये फुटलं की तिथे माहितीच नसते, मग परत आणणार कुठून. मग हायलाइटची, म्हणजे फुटलेला पांढरा भाग लुकलुकवून दाखवणारी, वॉर्निंग चालू करून दिलीत, ती अजून चालूच आहे, बंद करणार नाही.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचंही तसंच. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं समजून हिशोब करतो, त्यामुळे फ्रेममध्ये नवरीचे कपडे जास्त आले की तो फोटो काळवंडवतो आणि नवऱ्याचा कोट जास्त आला की उजळवतो. मी एकाच जागी उभा राहून दोघांचे एकेक फोटो काढले आणि दोघांच्या चेहऱ्याचा उजेड वेगळा आला, उन्हात तर काहीच बदललेलं नव्हतं! तुम्ही म्हणालात मॅन्युअलवर ये, चेहऱ्याच्या कातडीवर स्पॉट मीटरिंग कर, म्हणजे तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोज, एकदा ठरव, आणि ऊन बदलत नाही तोवर हात लावू नकोस. इतकं साधं, पण तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती तुमची मुठीची युक्ती. "हात पुढे कर, मूठ वळ आणि जागच्या जागी गोल फिर." मी फिरलो. एका दिशेला बोटांच्या पेरांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या, थोडं वळलं की त्याच पेरांवर नुसता उजेड, आणि इमारतीच्या सावलीच्या कडेला जाऊन आकाशाकडे तोंड केलं तर मुठीवरचा उजेड असा काही मऊ झाला की मी थांबलोच. तुम्ही एवढंच बोललात, "आता मुठीच्या जागी चेहरा ठेव." मागची झाडं, कमान, फुलं हे सगळं नंतर. आधी चेहऱ्यावर काय पडतंय ते. मी तोपर्यंत उलटं करायचो, आधी छान बॅकग्राउंड शोधायचो आणि माणसांना तिथे नेऊन उभं करायचो, मग उजेडाशी मारामारी. हे कारण कळलं की विसरत नाही माणूस: सूर्य केवढाही प्रचंड असला तरी आकाशात आपल्याला तो जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार. ढग आला, पांढरं कापड मध्ये धरलं, किंवा सावलीत उभं राहून मोकळ्या आकाशाचा उजेड घेतला की उजेडाचा उगमच मोठा होतो आणि सावलीची कड विरघळते.

झाडाखाली न्यायला निघालो होतो मी सगळ्यांना. सावली म्हणजे सावली, असं डोक्यात. तुम्ही नवरीच्या लहान बहिणीला तिथे उभं केलंत आणि मला जवळ बोलावलंत. तिच्या गालावर तीन गोल कवडसे, एक बरोबर नाकाच्या टोकावर, आणि हनुवटीखाली गवताचा हिरवा रंग चढलेला. ते कवडसे गोल का असतात तेही तुम्हीच सांगितलंत, पानांमधलं प्रत्येक बारीक भोक पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करतं, म्हणजे तो प्रत्येक गोल सूर्याचीच प्रतिमा. त्या गडबडीत तुम्ही हे सांगायला थांबलात याचं मला फार अप्रूप वाटलं. एडिट करताना कळलं की नाकावरचा कवडसा काढायला किती वेळ जातो आणि तरी तो काढलेला आहे हे दिसतंच. हिरवी हनुवटीसुद्धा नुसत्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पूर्ण फोटोची रंगछटा सुधारून, सुटत नाही, कारण कपाळावर आकाशाचा निळा आणि खाली गवताचा हिरवा, एकाच चेहऱ्यावर दोन रंग.

म्हणून मग इमारतीच्या सावलीच्या कडेला. अगदी आत गेलं तर उजेड मरतो, कडेला उभं राहिलं तर समोरची उन्हातली फिकट फरशीच रिफ्लेक्टर होते आणि डोळ्यांत चमक येते. तिथे मी ऑटो व्हाइट बॅलन्स सोडला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जास्त तितका उजेड निळा; दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, सावलीत ते ७००० ते ८००० पर्यंत जातं, दर फ्रेमला कॅमेरा स्वतःचं मत बदलत बसला की नंतर शंभर फोटो जुळवायचे कसे? ग्रे कार्डचा, म्हणजे रंग जुळवायला वापरतात त्या करड्या कार्डाचा, एक फोटो घेऊन ठेवला आणि त्या जागेचे सगळे फोटो एका फटक्यात झाले.

विधीची जागा मात्र हलवता येत नव्हती, आणि तिथे नवरा उन्हात, नवरी सावलीत, सावलीची रेघ बरोबर दोघांच्या मधून. मला तर काहीच सुचेना. तुम्ही सरळ मोठ्या माणसांकडे गेलात आणि हसत हसत म्हणालात की दोन पावलं मागे सरकलं तर दोघं सावलीत येतील, त्यांनाही ऊन लागणार नाही आणि फोटोही चांगले येतील. कुणी नाही म्हटलं नाही. दोन पावलं! मी लेन्स बदलत बसलो होतो आणि हवं होतं ते बोलणं. तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या आधी त्याच जागी त्याच वेळी जाऊन येतो आणि लोकांशी आधीच बोलून घेतो की कुणी कुठे उभं राहायचं, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि सकाळी दहाला बघितलेली सावली बाराला तिथे नसते.

मग घरच्यांचे फोटो. तिथे सावली पुरेना. माझ्याकडे फाइव्ह इन वन रिफ्लेक्टर होता, आत पातळ कापड आणि त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या बाजूंचं कव्हर असलेला, मी त्याची चंदेरी बाजू खालून धरायला लागलो तर सगळ्यांनी डोळे मिटले आणि हनुवटीखालून उजेड आल्यामुळे चेहरे भीतीदायक दिसायला लागले. सोनेरी बाजूबद्दल तर माझं आता ठाम मत झालंय, दुपारच्या उन्हात ती वापरूच नये, कातडी पिवळी पडते आणि मागचं सगळं पांढरं राहतं. तुम्ही माझ्या हातातून तो घेतलात, चेन उघडलीत, वरचं कव्हर काढून टाकलंत आणि आतलं पांढरं पातळ कापड डोक्यावर धरून उभ्या राहिलात. ते कव्हर निघतं हे मला माहीत होतं, पण खरा उपयोगाचा भाग तोच आहे हे माहीत नव्हतं. मी लगेच शूट करायला लागलो तर तुम्ही थांबवलंत. कापडाने चेहऱ्यावरचा उजेड स्टॉप-दीड स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), मागे ऊन पडलेलं मैदान तसंच राहतं, म्हणजे चेहऱ्यासाठी एक्सपोज केलं की मागचं आणखी फुटणार. म्हणून तुम्ही सगळ्यांना वळवलंत, मागे गर्द झाडी येईल असं. तेच फोटो आता अल्बमच्या मधल्या पानांवर आहेत.

मोठ्या ग्रुपला कापड पुरणार नव्हतं, तिथे फ्लॅश. हा हिशोब मी अजून कागदावर लिहून बॅगेत ठेवलाय. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ आणि शटर १/१०० सेकंद; एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ २.८ हवं तर पाच स्टॉप उघडले, म्हणजे शटर १/३२०० वर गेलं, आणि माझा कॅमेरा फ्लॅशशी १/२०० च्या पुढे जुळत नाही. मग एकतर हाय स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, त्यात फ्लॅशची ताकद बरीच कमी होते, नाहीतर १/२०० ला एफ ११ वर जायचं. आणि एकट्या जोडप्याचा फोटो असेल, मागचं धूसर हवं असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर उजेड कमी करणारी काच, लावून त्याच १/२०० ला एफ ४ वर येता येतं. ग्रुपला एफ ११ च बरं, मागच्या रांगेतले काकाही शार्प येतात. सगळ्यांची पाठ उन्हाकडे, आणि फ्लॅश उन्हापेक्षा कमी ठेवायचा, जेमतेम सावली उचलेल इतकाच, म्हणजे फ्लॅश मारलाय हे कळत नाही. आणि ती डोळे मिटायची युक्ती, सगळ्यांनी डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा! त्यामुळे आजोबांचे डोळे पहिल्यांदाच कुठल्यातरी ग्रुप फोटोत उघडे आले असं त्यांच्या घरचे म्हणाले.

संध्याकाळी तुम्ही निघाला होतात. बॅग खांद्याला होती तुमच्या. तरी थांबलात, कारण ऊन खाली आलं होतं आणि मी दोघांना उन्हाकडे पाठ करून उभं केलं होतं, केसांना सोनेरी कड छान दिसत होती पण ऑटोफोकस पुढेमागे धावत होता आणि सगळ्या फोटोवर दुधाळ धुकं. लेन्सला हूड, म्हणजे पुढची झडप, लावून भागलं नाही, तर तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून लेन्सवर हाताची सावली धरलीत. धुकं गेलं, कॉन्ट्रास्ट परत आला आणि फोकसही बसला. आणि दुपारच्या बरोबर उलटी चूक मी तेव्हा करत होतो, उजेड कमी झाला की तीच स्क्रीन झगझगीत वाटते, म्हणून फोटो उजळ आहेत असं समजून मी एक्सपोजर खाली आणत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त हिस्टोग्रामवर बोट ठेवलंत.

सूर्य बुडाल्यावर मी कॅमेरा ठेवायला लागलो तर तुम्ही म्हणालात आता कुठे जातोस, आता सगळं आकाशच तुझा सॉफ्टबॉक्स, स्टुडिओतला मऊ उजेडाचा मोठा दिवा, आहे. पुढची पंधरा मिनिटं आयएसओ वाढवत वाढवत काढलेले ते शांत फोटो, त्यातलाच एक अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे.

ताई, एक गोष्ट मला सांगायचीच आहे. पूर्ण दिवसात तुम्ही एकदाही माझ्या हातातला कॅमेरा मागितला नाहीत. तुम्ही तो घेतला असतात तर फोटो नक्कीच अजून चांगले आले असते आणि मी आनंदाने दिलाही असता, पण मग पुढच्या लग्नात मी परत तसाच उभा राहिलो असतो. याआधी एका मोठ्या कामावर मदतनीस म्हणून गेलो होतो तेव्हा काही विचारलं की "ते तुझं काम नाही" एवढंच ऐकायला मिळालं होतं, त्यामुळे विचारायचीच भीती बसली होती. तुम्ही ती घालवलीत. आणि वर आठवड्याभराने रात्री दोन तास फोनवर माझ्या फाइल एकेक करून बघितल्यात, कुठला ठेव, कुठला सोड, हे सगळं तुमचं स्वतःचं काम पडलेलं असताना.

तुम्ही डिफ्यूझर, म्हणजे ते पांढरं पातळ कापड, धरलेला एक फोटो आहे. आजी नातीच्या गालाला हात लावतेय, आणि उजव्या कोपऱ्यात तुमचा हात आलाय, मनगटापर्यंत, घट्ट पकडलेला, कापडाच्या सावलीबाहेर असल्यामुळे त्याच्यावर कडक ऊन पडलंय आणि प्रत्येक शीर दिसतेय. अल्बमसाठी तो मला क्रॉप करावा लागला. पण पूर्ण फ्रेमचा एक प्रिंट मी तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय, मॅट पेपरवर. घरी कधी असता ते कळवा, मी स्वतः घेऊन येतो.

तुमचा,
त्या दिवशीचा फोटोग्राफर