बाबांच्या पाठीवरचं गळू

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर माझा आवाज चढला, सॉरी. पण "गोळ्या बदलून बघू, बसेल आपोआप" हे बाबांचं वाक्य मला रात्रभर पटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, बसायची वेळ टळून गेली. नुसती लाल, टणक सूज असते तेव्हा शेकाने, गोळ्यांनी ती कधी कधी जिरते. तुमचं मधोमध लिबलिबीत झालंय आणि ठणक्याने तुम्ही पालथे झोपताय. डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं ना, आत काही पातळ हलतंय का तेच ते चाचपत होते. हलतंय, म्हणजे पू झालाय.

पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेलं मांस. हा ऐवज पसरू नये म्हणून शरीर त्याच्याभोवती भिंत घालतं. गंमत अशी की तीच भिंत गोळीला आडवी येते. गोळी रक्तातून पोचते आणि त्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात. कितीही भारी गोळी दिलीत तरी साठलेला पू तिथेच राहणार. त्याला वाट करून द्यावी लागते. तुम्ही सुश्रुताचे दाखले देता म्हणून सांगते: कच्चं गळू कापणारा आणि पिकलेलं तसंच ठेवणारा, दोघांनाही त्याने सारखंच झोडपलंय.

गोळ्या अगदीच निरुपयोगी आहेत असं नाही. तुम्हाला मधुमेह आहे, सूज आजूबाजूला पसरतेय, त्यामुळे चिरा दिल्यावरही त्या लागतील. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, तेव्हा तीही रोज तपासा.

चिरा देण्याचं काम बहुतेक वेळा थोडक्यात आटोपतं. भूल मात्र विचारून घ्या. सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून मोठ्या गळवाला कधी पूर्ण भूल देतात. तसं असेल तर आधी किमान ६ तास काही खायचं नाही. त्या दिवशी साखरेची गोळी घ्यायची की नाही हे आधी विचारा. रक्त पातळ करायची गोळी घेता तेही सांगा, तुम्ही ती मोजतच नाही!

आई, आता तुझा प्रश्न. टाके का नाही घालणार? हलगर्जीपणा नाही तो. वरून कातडी शिवली तर आत पुन्हा पू साठेल. म्हणून आतले कप्पे मोडून, पोकळी धुऊन, जखम उघडीच ठेवतात, त्यात गॉज हलकेच सारतात किंवा नुसतं वरून ड्रेसिंग करतात. ती तळापासून वर भरत येते. लाल, दाणेदार मांस दिसलं तर घाबरू नकोस, ते चांगलं लक्षण आहे. दोन-तीन आठवडे किंवा जास्तही लागतील. पण थंडी वाजून ताप आला, लाली पसरत गेली किंवा दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं, तर ड्रेसिंगच्या दिवसाची वाट बघू नका.

आणि एक. त्या जागी बाबांची जुनी गाठ होती ना, मधोमध काळा ठिपका असलेली? तीच पिकली असावी. तसं असेल तर पू काढला तरी तिची पिशवी आत राहू शकते आणि पुन्हा गळू होतं. सगळं शांत झाल्यावर, काही आठवड्यांनी, ती पिशवी काढायची का, हे विचारायचं विसरू नका.

तोवर पिळायचं नाही. आई, बाबांनी कितीही गळ घातली तरी नाही. आतली भिंत फुटून जंतू पसरतात.

उद्याची वेळ घ्या. मी शनिवारी पोचते, त्या दिवशीच्या ड्रेसिंगला बाबांबरोबर मीच जाईन. आई, तुला बघवत नसेल तर तू बाहेर बस.

तुमची,
छकुली