मजूर, हुजूर आणि मेसची आमटी

लेस्टर, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय दिल्या,

स. न. वि. वि. (हसलास ना? म्हणूनच लिहिलं.) पाडव्यापासून पत्र नाही, दिवाळीला पणतीचा फोटो ढकलून मोकळा झालो. शिव्या घाल, पण मनात. पत्र वहिनीही वाचतात. गुडघा आहे तसाच, साखर बरी.

लिहायला बसलो ते तुझ्या एका ओळीमुळे. गेल्या रविवारी, 9 तारखेला, बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले, आणि लगेच तुझा मेसेज: "बीबीसी पक्षपाती आहे, मी 89 सालीच म्हणालो होतो." अरे लबाडा, 89 साली शॉर्टवेव्हला कान लावून "बीबीसी म्हणते" एवढ्यावर वाद संपवणारा तू होतास! विरुद्ध मी होतो. नान्याला विचार.

निमित्त झालं ते असं: ट्रम्प यांच्या भाषणातले पन्नासहून जास्त मिनिटांच्या अंतरावरचे दोन तुकडे बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने सलग जोडले आणि सांधा दाखवला नाही. मध्ये निवेदकाचं "पुढे ते म्हणाले" एवढं असतं तरी भागलं असतं. तिथे मी वकिली करणार नाही. पण असली चूक निदान बोट ठेवून दाखवता येते. माझी झोप उडते ती जिथे बोट ठेवायला जागाच नाही त्या प्रकाराने.

इथल्या नियमात शब्द आहे 'ड्यू इम्पार्शिअ‍ॅलिटी', म्हणजे विषयाला साजेसा निःपक्षपात. सारखी मिनिटं वाटणं असा त्याचा अर्थ नाही. 2017 साली माजी अर्थमंत्री लॉर्ड लॉसन यांची हवामानबदलावरची चुकीची विधानं रेडिओवर कुणी अडवली नाहीत, तेव्हा ऑफकॉमने, म्हणजे इथल्या प्रसारण नियामकाने, बीबीसीवर नियमभंगाचा ठपका ठेवला. दुसरी बाजू ऐकवली म्हणून सुटका झाली नाही.

2016 च्या सार्वमतात खरोखरच दोन उत्तरं होती, युरोपीय संघात राहायचं की निघायचं. घड्याळ लावून तोलता आलं. 51.9 विरुद्ध 48.1 असा निकाल लागला आणि तराजूच निकामी झाला. तोवर कशी सोय होती: एक मजूर (लेबर) पक्षाचा, एक हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा, बसवा समोरासमोर, झाला समतोल. ब्रेक्झिटची भेग दोन्ही पक्षांच्या पोटातून गेली. मजूर पक्षाच्या केट होई निघण्याच्या बाजूच्या, हुजूर पक्षाचे केन क्लार्क राहण्याच्या बाजूचे. सप्टेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सननी क्लार्क यांच्यासह 21 जणांना संसदीय पक्षातून काढलं. आता त्या एकवीस जणांची मिनिटं कुणाच्या खात्यावर मांडायची, सांग.

मग दोन्हीकडून बोंब. 2017 मध्ये सत्तरहून जास्त खासदारांनी पत्र लिहिलं की बीबीसी ब्रेक्झिटबद्दल रडका सूर लावते. राहण्याच्या बाजूचे विचारतात, ब्रेक्झिटवाले नायजेल फराज बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम' या चर्चेच्या कार्यक्रमात तीसहून जास्त वेळा कसे? यावर बीबीसीवाल्यांचं ठरलेलं उत्तर: ज्या अर्थी दोन्हीकडून शिव्या पडतात, त्या अर्थी आम्ही बरोबर. आपल्या मेसचा मॅनेजर आठवतो का? निम्म्यांना आमटी खारट, निम्म्यांना अळणी, म्हणजे बेत उत्तम! अरे, न ढवळलेली आमटी तळाशी खारट आणि वर अळणी असते.

खरी मेख पुढे आहे. निवडणुकीत कुणाला किती वेळ द्यायचा हे ठरवायला 'मोठे पक्ष' कोणते याची यादी पूर्वी ऑफकॉम काढायचं. 2017 पासून ती बंद. आता मागच्या निवडणुकांतली मतं आणि सध्याचा पाठिंबा पाहून प्रत्येक वाहिनीने आपलं आपण वजन ठरवायचं. 4 जुलै 2024 चे आकडे घे. मजूर पक्ष 33.7 टक्के, जागा 411. लिबरल डेमोक्रॅट 12.2 टक्के, जागा 72. फराज यांचा रिफॉर्म पक्ष 14.3 टक्के, जागा 5. जागांवर वाटल्यास रिफॉर्म जेमतेम दारात. मतांवर वाटल्यास लिबरलांच्या पुढे. आणि यंदाच्या बहुतेक जनमत चाचण्यांवर वाटल्यास सगळ्यांच्या पुढे. तिन्ही हिशेब नियमात बसतात. शिवाय पडद्यावर दिसलं की चाचणीत वाढतं, चाचणीत वाढलं की पडद्यावर दाखवावं लागतं. मे महिन्यात रनकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्मने 6 मतांनी जिंकली. सहा! आपल्या गणेश मंडळाच्या खजिनदाराची निवडणूकसुद्धा यापेक्षा मोठ्या फरकाने झाली होती (आणि हो, ती तू हरलास).

बाकी मतदानाच्या दिवशी सकाळी 7 ते रात्री 10 मुद्द्यांवर चर्चा बंद, म्हणून दिवसभर केंद्राबाहेरची कुत्री दाखवतात. तेवढ्यावर आजवर कुणी पक्षपाताचा आरोप ऐकवलेला नाही.

बीबीसीचं वरचं मंडळ म्हणशील, तर अध्यक्ष आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडचे चार सदस्य सरकारच्या शिफारशीने येतात. इंग्लंडच्या जागेवर रॉबी गिब, पूर्वी थेरेसा मे यांचे संपर्कप्रमुख. आधीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प जॉन्सन यांच्या 8 लाख पौंडांच्या कर्जप्रकरणातला आपला हात सांगितला नाही म्हणून 2023 मध्ये गेले. आताचे समीर शाह औरंगाबादेत जन्मलेले, पण सुधाकाकांनी लगेच पेढे वाटू नयेत. बीबीसीची शाही सनद 31 डिसेंबर 2027 ला संपते. नवी लिहिताना नेमणुकांचं काय करतात तिकडे माझं लक्ष आहे.

मनूला तक्रार करायची आहे म्हणालास. दरवर्षी टीव्हीचं परवाना शुल्क भरते (2025 मध्ये 174.50 पौंड), खुशाल करू दे. पण "बीबीसी पक्षपाती आहे" असं लिहिलं तर ठरावीक उत्तर येईल. कार्यक्रम, वाहिनी, तारीख, वेळ आणि एकच मुद्दा: कोण काय म्हणालं, आणि काय विचारायचं राहिलं. प्रसारणापासून कामकाजाच्या 30 दिवसांत. उत्तर पटलं नाही तर कामकाजाच्याच 20 दिवसांत पुन्हा लिहायचं, मग बीबीसीचाच कार्यकारी तक्रार विभाग, आणि त्यानंतर ऑफकॉम. बहुतेक जण आधीच ऑफकॉमकडे धावतात. तिथून "आधी बीबीसीकडे जा" म्हणून परत पाठवतात आणि तोवर मुदत सरते. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव म्हणावं. आणि तुझं नऊ पानी फॉरवर्ड तिने जोडू नये.

तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काय झालं? बिल्डरने भाड्याचे धनादेश दिल्याशिवाय किल्ली सोडू नकोस. आईंना नमस्कार. मनूच्या नोकरीचं फारच छान, वेगळं लिहीन (लिहीन, खरंच).

तुझा,
श्री

ता. क. 89 ची डायरी नान्याकडे आहे. आधी ती बघ, मग उत्तर लिही.