वडगावच्या मागाच्या खटक्यासकट आमची टेप परत आली

नमस्कार मामा,

आमची जुनी टेप वाचवलीत म्हणून फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच पावसापाण्याचं काढता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. आता बदला विषय.

आमच्या पहिल्या बँडची ही एकुलती एक डेमो कॅसेट. 1996 साली बेळगावच्या वडगावात, पॉवरलूमला लागून असलेल्या खोलीत भरलेली. गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसने 1984चा पहिला अल्बम शिवोलीला घरीच चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाजाच्या चार वेगळ्या पट्ट्या भरणाऱ्या मशीनवर केला होता, ते ऐकून आम्हालाही खूळ लागलेलं. गायकाच्या म्हापशाच्या मावसभावाने तसलं मशीन चोर्ला घाटातून आणलं आणि काम झाल्यावर परत नेलं. गायक आज बेंगळूरुत स्वतःचा रॉक बँड चालवतो, पण त्याचा आवाज पहिल्यांदा टेपवर उतरला तो इथेच. एवढ्या वर्षांनी कॅसेट लावली तर गाणं घोगरं, रेंगाळणारं. बाजू पलटली की चक्क उलटं. जिथे दाखवली तिथे एकच उत्तर: टेप गेली.

तुम्ही जरा ऐकलंत आणि म्हणालात, ''टेप बरी आहे की हो. मशीनच वेगळं होतं तुमचं.''

मग जे समजावलंत ते इथे लिहितो, कारण अशा कॅसेटी अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून असतील. साधा डेक, म्हणजे घरचा कॅसेट प्लेअर, एका बाजूला दोन ट्रॅक भरतो, पलटल्यावर दोन. चार ट्रॅकचं मशीन चारही एकाच दिशेने भरतं, म्हणून साध्या डेकवर पलटली की उलटं वाजतं. त्यात आमचं सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरने पळायचं, साधा डेक 4.76ने. म्हणून 60 मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम 15 मिनिटं मावली, आणि साध्या डेकवर सगळं एक सप्तक खाली उतरलं.

बुरशी पुसून तुम्ही रीळ नव्या कॅसेटच्या खोक्यात घातलंत, दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर घेतल्यात, एक उलटी केलीत, वेग दुप्पट केलात. ''हे कोण पण करतंय,'' असं तुमचं म्हणणं. असेल. पण कॉम्प्युटरवर घेताना दोन बाजू वेगवेगळ्या वेळी वाजवलेल्या. टेपचा वेग किंचित कमीजास्त होतो आणि ड्रम गाण्याच्या पुढे-मागे सरकत राहतात. ते तुकड्या-तुकड्याने जुळवलंत, तेही मागाच्या खटक्यावरून! आम्ही सगळे एकदम वाजवत होतो, त्यामुळे शेजारचा माग प्रत्येक माइकात शिरलेला. आम्हाला ती कटकट वाटायची. भजनात पखवाज धरणाऱ्या तुमच्या कानाने तिलाच टाळ केलं.

गाणी काही थोर नाहीत, दोन तर उघड उघड उसनी. पण तुम्ही नुसता आवाजाचा ट्रॅक लावलात आणि कडव्यांच्या मधे गायक श्वास घेतो ते ऐकू आलं, तेव्हा मी गप्प झालो. पुढे गायकाने फोनवर विचारलं, ''आता माग काढून टाकता येईल ना?'' तुम्ही साफ नाही म्हणालात. खटका काढायला गेलं की गळ्याची पण साल निघते, म्हणालात. दोन दिवस तो रुसला. आता तोच सगळ्यांना आधी माग ऐकवतो.

त्याच्या लाडक्या कर्ट कोबेनचंही असंच. 'निर्वाणा' हा अमेरिकी रॉक बँड काढायच्या आधीच्या त्याच्या बँडची टेप मावशीच्या घरी, तिच्याच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर झाली. ती ऐकून क्रिस्ट नोव्होसेलिच, पुढे निर्वाणाचा बास गिटारवाला, त्याच्याबरोबर बँड काढायला तयार झाला. कोबेन जगाला ठाऊक आहे. मारी मावशीची दखल फार थोडे घेतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पाकीट तर आमच्या डिक्कीतच परत ठेवलंत. ठीक. पण चारपैकी एक गाणं आम्ही लोकांसाठी बाहेर काढतोय आणि त्यावर तुमचं नाव जाणार, त्यात तडजोड नाही. फक्त ते 'साउंड'खाली घालायचं की वाजवणाऱ्यांत, तेवढं कळवा. माझं मत वाजवणाऱ्यांत.

तुमचा,
बास गिटारवाला