दाभोळच्या खाडीत शिरताना

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

पंचमीला रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून निघून होडी दाभोळला आणतोस, तीही पहिल्यांदाच तांडेल म्हणून, सगळी होडी तुझ्या हाती, हे फोनवर ऐकलं आणि रात्रभर झोप लागली नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

जयगड, वेळणेश्वर, गुहागर मागे टाकून अंजनवेलचं दीपगृह ओलांडलंस की घर दिसायला लागेल. तिथेच थांब. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, आणि दर पावसाळ्यात वाशिष्ठी नदी तो इकडचा तिकडे करते. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. माझ्या खुणांवरही विसंबू नकोस. गोपाळगड किल्ला जागचा हलत नाही, वाळू हलते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुला लहानपणीच शिकवलंय. पंचमी म्हणजे पावणेचारच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घे. सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं, आणि शेवटी पुन्हा सावकाश. तू चढत्या पाण्याच्या शेवटच्या दीड तासात आत ये. तळ टेकलाच तर पाणी अजून चढायचं असतं, ते तुला उचलेल. शिवाय दुपारी ऊन पाठीमागून असतं, त्यामुळे पाण्याचा रंग आणि फुटणारी लाट दोन्ही स्पष्ट दिसतात.

सुकतीला, म्हणजे पाणी उतरत असताना, मात्र शिरू नकोस. तू पाळण्यात होतास तेव्हा मी शिरलो होतो. बर्फ वितळत होता, मासळी नरम पडेल म्हणून घाई केली. नदीचं पाणी बाहेर धावत होतं, वरून कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं अवजल, आणि त्या पाण्याच्या समोरून समुद्राचा खारा वारा. दोन्ही एकमेकांवर आपटून दांड्यावर लाट भिंतीसारखी उभी राहत होती. खालून खर्र आवाज आला आणि होडी थांबली. पाणी उतरत गेलं तशी ती एका कुशीवर कलंडली. सुकाणू तुटलं, जाळी गेली. आम्ही सहा जण वरच्या काठाला धरून भरतीची वाट बघत बसलो. मासळीसाठी पाच माणसांचा जीव मी टांगणीला लावला, हे मला अजून सलतं. शिडाच्या दिवसांत तुझे आजोबा बाहेर नांगरून अर्धा अर्धा दिवस थांबायचे. माझ्याकडे इंजिन होतं, म्हणून मला थांबावंसं वाटलं नाही.

दांड्याजवळ इंजिन मंद कर, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, एकाला खोली मापायचं दोरीचं शिसं घेऊन उभा कर. शिशाच्या खालच्या खळग्यात ग्रीस भरायला विसरू नका. शिसं वर आलं की ग्रीसला काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघायचं. कणी लागली तर वाळू, म्हणजे अजून दांड्यावरच आहात. बोट काळं आणि गुळगुळीत झालं तर चिखल, म्हणजे आत आलात. नांगर चिखलातच चांगला धरतो.

नांगर टाकताना नाळ प्रवाहाच्या तोंडाला कर. होडी पुरती थांबून जरा मागे सरकायला लागली की मगच सोड. दोर भरतीच्या पाण्याच्या हिशेबाने दे. समजा ओहोटीला दोन मीटर आहे आणि भरतीला आणखी दोन चढतं, तर चाराची पाचपट, वीस मीटर तरी हवा. पाणी फिरलं की होडी उलटी वळते, तेव्हा शेजारच्या होडीपासून अंतर ठेव आणि दुसरा नांगर खाडीच्या वरच्या बाजूला टाक. धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट मोकळी सोड. धक्क्याला बांधलीस तर दोराला ढील ठेव. ताठ बांधलेली होडी सुकतीला दोरावर लटकते आणि खुंटच उपटून येतो.

लाट फुटतेय असं दिसलं तर सरळ जयगडला परत जा. एक रात्र तिथे काढलीस तर तुझी आई रागावणार नाही, आणि मीही नाही.

तुझा दोर जुना झालाय. नवा आणून माळ्यावर ठेवलाय, पंचमीला दोन वाजल्यापासून तो घेऊन धक्क्यावर असेन.

तुझे,
बाबा