पुण्याला हॉकी खेळायला गेलेल्या लेकीला

सातारा, गुरुवार

चि. स्वाती,
अनेक आशीर्वाद.

तुझा माउथगार्ड मोरीच्या फळीवरच राहिला. शेजारचा दादा संध्याकाळच्या स्वारगेट गाडीने निघतोय, त्याच्याकडे डबीसकट देतेय, सोबत ही चिठ्ठी. सकाळी निघताना जे बोलणं झालं त्यात पुन्हा शिरत नाही.

समोरच्या टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला की पहिली तू धावणार, हे मला कळलंय. गोलकीपर धरून पाच जणी गोललाइनच्या मागे, बाकीच्या अर्ध्या मैदानापलीकडे, आणि मारणारीच्या अंगावर तू जायचं. दीडशे ग्रॅमच्या वरचा टणक चेंडू तो. आपल्याकडे मातीत त्याचा वेग तरी मरतो. तिथलं टर्फ पाणी मारून ओलं करतात, त्यावर तो सुसाट येणार. म्हणून म्हणते, मास्क घाल. गोलमागे ठेवलेले मास्क घाईत राहून जातात, मी पाहिलंय.

भुवईला टाके पडले तेव्हा तू कॅप्टनला विचारत होतीस, "स्कोअर किती?" माझ्याकडे बघितलंही नाहीस. राग नाही गं त्याचा. घरी येऊन आक्कांना मात्र मीच सांगितलं, आपली पोरगी रडली नाही म्हणून.

तुमच्या टीमचं मला फार कौतुक आहे. नर्सताई रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येते, अंगणवाडीची मॅडम लेकराला बाकावर बसवून खेळते. तुला नोकरी लागली तरी हे सोडू नकोस. आणि रोज दूध पी, उपाशीपोटी धावू नकोस, रात्री मोबाइल... बघ, सुरू झालं माझं. राहू दे.

२०२१ची ती सकाळ आठवते? टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं. गुरजीतचा गोल पेनल्टी कॉर्नरवरचाच. तू लाटणं घेऊन घरभर नाचलीस आणि आप्पा चहा सांडून हसत होते. त्याच आठवड्यात पोवई नाक्यावर जाऊन त्यांनी तुला स्टिक आणली. मोठी होती. म्हणाले, पोरगी वाढेल की.

ते असते तर आज तुमच्या गाडीतच बसले असते. मला ते जमत नाही. तुमच्या गोलवर कॉर्नर मिळाला की माझे डोळे मिटतात.

धावू नकोस असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या मास्कचा पट्टा सैल आहे, गोलकीपरकडून मागून घट्ट करून घे.

तुझी,
आई